हिंगोली : लष्कर गेलं, नावं उरली! औंढा नागनाथाच्या पलीकडचा हा जिल्हा दोन दिवसांत कसा पाहाल?

हिंगोली म्हटलं की बहुतेकांना दोनच गोष्टी आठवतात. एक औंढा नागनाथ आणि दुसरी हळद. त्यातही औंढ्याला जाणारे बरेचसे भाविक परळी, औंढा, नांदेड, माहूर अशा एकाच फेरीत असतात. दर्शन होतं, मंदिराबाहेर चहा होतो आणि गाडी पुढच्या गावाला निघते. हिंगोली शहरात उतरायचं कारणच कुणाला सापडत नाही.

पण या शहरातल्या वस्त्यांची नावं जरा वाचा. पलटण. रिसाला. तोफखाना. पेन्शनपुरा. सदर बाजार.

मराठवाड्यातल्या एका मध्यम आकाराच्या शहरात ही सगळी लष्करी नावं कुठून आली? आज इथे ना पलटण आहे, ना घोडदळ, ना तोफा. मग हे लष्कर कुणाचं होतं, आलं कशासाठी आणि गेलं कुठे?

या प्रश्नांच्या उत्तरात हिंगोली बघायला जाण्याचं चांगलं कारण दडलं आहे. सोबत जमिनीखालचं एक ज्योतिर्लिंग आहे, संत नामदेवांचं गाव आहे, तासाभरावर डोंगरातली जैन लेणी आहेत आणि ताटात गरम भाकरी आहे. एकेक करून समजून घेऊ.

आधी थोडं मलेशियात जाऊ

जगात अशी अनेक शहरं आहेत जी एका कामासाठी वसली आणि ते काम संपल्यावर मागे राहिली. मलेशियातलं इपोह हे त्यातलं गाजलेलं उदाहरण.

इपोह हे पेराक राज्याच्या राजधानीचं शहर. एकोणिसाव्या शतकात इथल्या किंता खोऱ्यात कथिलाचे मोठे साठे हाती लागले. कथील म्हणजे तोच धातू, ज्याची आपल्याकडे तांब्या-पितळेच्या भांड्यांना कल्हई करतात. कथिलासाठी चीनमधून हजारो मजूर आले, ब्रिटिश कंपन्या आल्या, रेल्वे आली, मोठमोठे वाडे उभे राहिले. मग १९८५ मध्ये जगाच्या बाजारात कथिलाचा भाव कोसळला. खाणी बंद पडल्या आणि तरुण मंडळी कामासाठी दुसऱ्या शहरांत निघून गेली.

आज लोक इपोहला पुन्हा जातात, पण कथिलासाठी नाही. ते जातात जुन्या गल्ल्या बघायला, तिथली प्रसिद्ध ‘व्हाइट कॉफी’ प्यायला आणि चुनखडीच्या डोंगरातल्या गुहांमधली मंदिरं पाहायला. जे आधीपासून गावात होतं, तेच नीट जपलं आणि नीट सांगितलं, म्हणून पाहुणे येऊ लागले.

हिंगोलीत खाण नव्हती. इथे छावणी होती. पण बाकीची गोष्ट बरीच सारखी आहे. फरक इतकाच, की इपोहने आपली गोष्ट जगाला सांगितली. हिंगोलीची गोष्ट अजून फार जणांना माहीत नाही.

हिंगोलीत लष्कर का आलं?

एकोणिसाव्या शतकात हिंगोली हैदराबादच्या निजामाच्या राज्यात होती. नावाला राज्य निजामाचं, पण ब्रिटिशांनी आपल्या अधिकाऱ्यांच्या हाताखाली तिथे एक वेगळी फौज उभी केली होती. हीच फौज पुढे ‘हैदराबाद कंटिन्जंट’ म्हणून ओळखली गेली. अधिकारी इंग्रज, शिपाई इथले आणि पगाराचा बोजा निजामाच्या तिजोरीवर, असा हा मामला होता.

या फौजेच्या छावण्या राज्यभर पसरलेल्या होत्या. हैदराबादजवळ बोलाराम, मराठवाड्यात औरंगाबाद, जालना आणि मोमिनाबाद म्हणजे आजचं अंबाजोगाई, वऱ्हाडात एलिचपूर म्हणजे आजचं अचलपूर. आणि यांच्याच रांगेत हिंगोली.

आता शहरातल्या नावांचा अर्थ लावायला सोपं जातं. ‘पलटण’ म्हणजे पायदळाची तुकडी जिथे राहायची ती जागा. ‘रिसाला’ म्हणजे घोडदळ. ‘तोफखाना’ म्हणजे तोफा आणि त्या चालवणाऱ्या गोलंदाजांची वस्ती. ‘सदर बाजार’ म्हणजे छावणीला माल पुरवणारी मुख्य पेठ. देशातल्या अनेक जुन्या छावण्यांच्या शहरांत तुम्हाला सदर बाजार सापडेल, तो यामुळेच. आणि ‘पेन्शनपुरा’ म्हणजे नोकरी संपल्यावर परत न जाता इथेच घर करून राहिलेल्या शिपायांची वस्ती.

शेवटचं नाव सगळ्यांत जास्त सांगून जातं. जो शिपाई दूरच्या मुलखातून आला, त्याने म्हातारपणही इथेच काढलं. लष्करासोबत सोनार, शिंपी, नालबंद, कापडवाले, दाणेवाले आले. जनावरांचा दवाखाना आला. छावणीच्या आसऱ्याने बाजार वाढला.

या फौजेच्या पगारापायी वऱ्हाड गेलं!

हा भाग शाळेच्या पुस्तकात एका ओळीत उरकला जातो, पण हिंगोलीत उभं राहून तो वेगळाच कळतो.

फौज मोठी, खर्च मोठा. निजामाकडून पगाराचे पैसे वेळेवर येईनात आणि त्याच्यावर ब्रिटिशांचं कर्ज वाढत गेलं. शेवटी १८५३ मध्ये तह झाला आणि या फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाडचा सुपीक, कापूस पिकवणारा मुलूख ब्रिटिशांच्या ताब्यात गेला. आजचे अमरावती, अकोला, बुलढाणा, वाशिम आणि यवतमाळ हे जिल्हे म्हणजे साधारण तो मुलूख.

नकाशात बघा. हिंगोली जिल्ह्याच्या उत्तरेला लागूनच वाशिम आहे. म्हणजे हिंगोलीची छावणी निजामाच्या हद्दीत आणि तिच्या खर्चापायी गेलेला मुलूख शेजारीच. आज हिंगोलीहून वाशिमला जाताना एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात गेल्यासारखं वाटतं. तेव्हा ती दोन राजवटींमधली सीमा होती. मराठवाडा आणि विदर्भ हा जो फरक आपण आजही बोलण्यात करतो, त्याची एक रेघ इथून जाते.

१८५७ च्या उठावात ही कंटिन्जंट ब्रिटिशांच्या बाजूने राहिली आणि मध्य भारतातल्या मोहिमेत लढली. पुढे १९०२ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन आणि सहावा निजाम मेहबूब अली खान यांच्यात नवा करार झाला. वऱ्हाड वर्षाला २५ लाख रुपयांच्या मोबदल्यात ब्रिटिशांकडे कायमच्या भाडेपट्ट्याने गेलं. १९०३ मध्ये हैदराबाद कंटिन्जंट ही वेगळी फौज संपली, तिच्या तुकड्या भारतीय सैन्यात सामील झाल्या आणि हिंगोलीची छावणी उठली.

जवळजवळ एक शतक ज्या कामासाठी शहर वाढलं, ते काम संपलं. सरकी-कापसाचा व्यापार होता, म्हणून बाजार टिकला. पण लष्करी शहराचा थाट गेला. पुढे हिंगोली परभणी जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव म्हणून राहिली. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान मुक्त झालं, १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १ मे १९९९ ला परभणीतून वेगळा होऊन हिंगोली जिल्हा तयार झाला. हिंगोली, सेनगाव, कळमनुरी, वसमत आणि औंढा नागनाथ असे त्याचे पाच तालुके.

छावणीतला सज्जन व्यापारी ठगांचा म्होरक्या निघाला

हिंगोलीच्या छावणीचा एक किस्सा इंग्रजी साहित्यातही पोहोचला आहे. निजामाच्या नोकरीत असलेल्या फिलिप मेडोज टेलर या अधिकाऱ्याने १८३९ मध्ये ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ ही कादंबरी लिहिली. तिच्या प्रस्तावनेत हिंगोलीतल्या एका व्यापाऱ्याची हकीकत येते.

हा व्यापारी गावातला प्रतिष्ठित माणूस. इंग्रज अधिकाऱ्यांशी त्याचा नेहमीचा व्यवहार. त्याने मुंबईहून कापड आणण्यासाठी रीतसर परवाना मागून घेतला. प्रत्यक्षात ते कापड दुसऱ्याच व्यापाऱ्याचं होतं. वाटेत त्या व्यापाऱ्याचा आणि त्याच्या माणसांचा खून करून माल याने आणला, सरकारी परवाना दाखवला आणि छावणीतच उघडपणे विकला. हा गृहस्थ ठगांचा म्होरक्या होता, हे नंतर ठगांविरुद्धच्या कारवाईत उघड झालं.

ज्या शहरात पायदळ, घोडदळ, तोफखाना सगळं होतं, तिथेच ठग सुखाने दुकान चालवत होता. सदर बाजारातून फिरताना ही गोष्ट आठवली की त्या पेठेकडे बघण्याची नजर बदलते.

हिंगोलीचा दसरा

छावणीच्या काळातलीच एक परंपरा मात्र आजही जोरात आहे. ती म्हणजे हिंगोलीचा दसरा. इथल्या खाकी बाबा मठाने १८५५ मध्ये हा उत्सव सुरू केल्याचं सांगितलं जातं. रामलीला, रावणदहन, प्रदर्शन, पाळणे, दुकानं असं सगळं रामलीला मैदानावर भरतं. मराठवाड्यात आणि शेजारच्या वाशिमपर्यंतच्या गावांतून लोक येतात. शहर बघायचं तर नवरात्र ते दसरा हे दिवस सगळ्यात रंगतदार. फक्त राहायची सोय आधी करून ठेवा.

औंढा नागनाथ : देव जमिनीखाली का?

हिंगोलीपासून औंढा साधारण २५ किलोमीटर. पहिल्यांदा जाणाऱ्याला दोन गोष्टी चकित करतात.

पहिली म्हणजे गाभारा. बहुतेक मंदिरांत आपण पायऱ्या चढून देवाकडे जातो. इथे उतरून जावं लागतं. सभामंडपातून एका अरुंद वाटेने खाली उतरलं की बुटक्या छताचा छोटा गाभारा येतो. उंच माणसाला ताठ उभं राहता येत नाही. बसून, वाकून दर्शन घ्यायचं. श्रावणी सोमवारी आणि महाशिवरात्रीला गर्दी असते तेव्हा इथे चांगलाच उकाडा होतो. दमा किंवा गुडघ्याचा त्रास असलेल्यांना नेताना हे आधी सांगून ठेवलेलं बरं.

दुसरी गोष्ट म्हणजे मंदिराचे दोन भाग. खालचा भाग काळ्या दगडाचा. त्यावर हत्तींच्या रांगा, योद्धे, देवदेवता, नर्तकी असं कोरीवकाम आहे. हे काम यादवांच्या काळातलं, म्हणजे साधारण तेराव्या शतकाच्या आसपासचं मानलं जातं. वरचा शिखराचा भाग मात्र वेगळ्या घडणीचा आणि नंतरचा. मूळ मंदिराची पडझड झाल्यानंतर वरचं काम पुन्हा उभारलं गेलं. या जीर्णोद्धाराचं श्रेय अहिल्याबाई होळकरांना दिलं जातं.

अशा मंदिराला लोक ‘हेमाडपंती’ म्हणतात. यादवांचा मंत्री हेमाद्री पंडित याच्या नावावरून हा शब्द आला. चुना न वापरता दगडाला खाचा पाडून एकात एक बसवायचे, ही या बांधणीची ओळख. पण सगळीच हेमाडपंती मंदिरं हेमाद्रीने बांधलेली नाहीत. त्याच्या आधीही आणि नंतरही या पद्धतीने मंदिरं बांधली जात होती.

मग हे खरंच ज्योतिर्लिंग आहे का? हा प्रश्न सोशल मीडियावर दर श्रावणात येतो. ज्योतिर्लिंगांच्या स्तोत्रात नागेश ‘दारुकावनात’ असल्याचं म्हटलं आहे. हे दारुकावन नेमकं कुठलं, यावर मतं वेगळी आहेत. गुजरातमध्ये द्वारकेजवळचं नागेश्वर, उत्तराखंडात अल्मोड्याजवळचं जागेश्वर आणि महाराष्ट्रात औंढा, अशा तिन्ही ठिकाणचे भाविक आपल्याच देवाला तो मान देतात. महाराष्ट्रात औंढा नागनाथला आठवं ज्योतिर्लिंग मानण्याची श्रद्धा खोलवर रुजलेली आहे.

नंदी मागे का गेला?

या मंदिराची सर्वांत लोकप्रिय कथा संत नामदेवांची. नामदेव कीर्तन करत असताना पूजेला अडथळा होतो म्हणून त्यांना मंदिराच्या मागे जायला सांगितलं गेलं. ते मागे गेले आणि तिथे कीर्तन सुरू केलं. तेव्हा मंदिरच फिरून त्यांच्याकडे तोंड करून उभं राहिलं आणि नंदी मात्र मूळ जागीच राहिला, असं सांगतात. देवळात गेल्यावर नंदी नेहमीच्या जागी दिसत नाही, तेव्हा लोक हीच गोष्ट एकमेकांना सांगतात.

ही कथा श्रद्धेची आहे. पण तिच्यातलं गाऱ्हाणं खरं आहे. शिंपी समाजातल्या एका भक्ताला देवासमोरून उठवलं गेलं आणि देवाने बाजू कुणाची घेतली, हे लोकांनी सातशे वर्षं लक्षात ठेवलं.

औंढ्याचा आणि नामदेवांचा आणखी एक धागा आहे. गोरोबाकाकांनी संतांच्या डोक्यावर थापटणं मारून परीक्षा घेतली आणि नामदेवांना ‘कच्चं मडकं’ ठरवलं, ही गोष्ट तुम्ही ऐकली असेल. त्यानंतर नामदेव गुरूच्या शोधात औंढ्याला आले आणि त्यांना विसोबा खेचर भेटले. विसोबा पिंडीवर पाय ठेवून झोपले होते. नामदेवांनी पाय उचलून जिकडे ठेवले तिकडे पिंड दिसू लागली. देव एका जागी नाही, हा धडा त्यांना औंढ्यातच मिळाला, असं वारकरी परंपरा मानते.

नर्सी : इथे पंजाबचे लोक का येतात?

हिंगोली शहराच्या पश्चिमेला, कयाधू नदीच्या काठी नर्सी हे गाव आहे. नर्सी नामदेव या नावानेच ते ओळखलं जातं. नामदेवांचा जन्म १२७० चा. त्यांचं जन्मगाव नर्सी की पंढरपूर यावर अभ्यासकांत मतभेद आहेत, पण त्यांचं घराणं नर्सीचं मानलं जातं.

गावात गेलात की मराठी भजनासोबत पगडी घातलेले शीख भाविकही दिसतील. कारण नामदेव महाराष्ट्रात थांबले नाहीत. ते उत्तरेत गेले आणि पंजाबात दीर्घकाळ राहिले. गुरदासपूर जिल्ह्यातलं घुमान हे गाव त्यांच्या नावाने ओळखलं जातं. शिखांच्या गुरू ग्रंथ साहिबमध्ये ‘भगत नामदेव’ यांची ६१ पदं आहेत. २०१५ मध्ये ८८ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन घुमानला भरलं, ते याच नात्यामुळे.

नांदेडच्या सचखंड गुरुद्वाऱ्यात देशभरातून शीख भाविक येतात. त्यातले अनेक जण वाट वाकडी करून नर्सीला येतात. गंमत अशी, की पंजाबातल्या माणसाला नर्सी माहीत असतं आणि पुण्या-मुंबईच्या मराठी माणसाला ते नकाशात शोधावं लागतं.

लेणी बघायची तर जिंतूरला जा

हिंगोली जिल्ह्यात अजिंठा-वेरूळसारखी मोठी लेणी नाहीत. पण औंढ्याहून पश्चिमेला तासाभरात परभणी जिल्ह्यातलं जिंतूर येतं. जुनं नाव जैनपूर. गावापासून जवळच्या डोंगरावर नेमगिरी हे जैन तीर्थ आहे.

डोंगरात छोट्या छोट्या गुहा आहेत. काही दारं इतकी बुटकी की वाकून किंवा बसूनच आत जावं लागतं. आत गेल्यावर मात्र समोर तीर्थंकरांच्या भव्य मूर्ती येतात. नेमिनाथ, शांतिनाथ, बाहुबली. सगळ्यात जास्त चर्चा होते ती पार्श्वनाथांच्या मूर्तीची. ही अवजड दगडी मूर्ती खाली एका लहानशा दगडावर तोललेली आहे, त्यामुळे ती अधांतरी असल्यासारखी वाटते.

इथे इपोहची पुन्हा आठवण काढायला हवी. तिथल्या गुहा निसर्गाने केल्या. चुनखडीचा दगड पावसाच्या पाण्यात हळूहळू विरघळतो आणि डोंगर आतून पोकळ होतो. लोकांनी नंतर त्या पोकळीत देव बसवले. आपल्याकडचा दगड वेगळा. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक साचून दख्खनचं पठार तयार झालं. हा काळा बेसाल्ट पाण्यात विरघळत नाही. म्हणून महाराष्ट्रात गुहा हवी असेल तर माणसाला छिन्नी-हातोडा घ्यावा लागला. अजिंठा, वेरूळ याच दगडातली. औंढ्याचे हत्तीही याच दगडातले.

वेळ असेल तर जिंतूर तालुक्यातलं चारठाणा बघा. जुनी मंदिरं आणि कोरीव दगडी स्तंभासाठी ते ओळखलं जातं. दुसऱ्या दिशेला, नांदेड जिल्ह्यातल्या माहूरला रेणुकामातेच्या दर्शनाला जाणार असाल तर तिथली ‘पांडवलेणी’ चुकवू नका.

आता जेवणाकडे वळू

हिंगोलीचं जेवण म्हणजे मराठवाड्याचं रोजचं जेवण. ज्वारीची भाकरी, पिठलं, ठेचा, शेंगदाण्याची चटणी, भरलं वांगं, अंबाडीची भाजी आणि तिखट आमटी. प्रवासात टिकायला धपाटे आणि सोबत दही. डिसेंबर-जानेवारीत गेलात आणि कुणाच्या शेतात ओळख असेल तर हुरडा. ज्वारीची कोवळी कणसं आगटीत भाजायची, हातावर चोळायची आणि चटणी, गूळ, दह्यासोबत गरम गरम खायची. याला हॉटेलात पर्याय नाही.

निजामाच्या राज्याचा वारसा ताटातही आहे. मराठवाड्यातल्या बाजारपेठांत तहारी, बिर्याणी आणि सकाळची नहारी मिळते, ती हैदराबादची आठवण. आणि गणपतीत इथल्या चिंतामणी गणपतीचा नवसाचा मोदक घ्यायला अनंत चतुर्दशीला प्रचंड रांग लागते.

पण हिंगोलीची खरी ओळख आहे हळद. वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन, म्हणजे ‘जीआय’ मिळालं आहे. वसमतमध्ये हळद संशोधन आणि प्रशिक्षण केंद्रही मंजूर झालं आहे.

आपल्या डब्यातली चमचाभर हळद तयार व्हायला किती काळ लागतो? लागवड मे-जूनमध्ये होते. पीक आठ-नऊ महिने जमिनीत असतं. जानेवारीपासून पाला कापतात आणि हळद खणून काढतात. मग ती शिजवावी लागते. शिजवल्याने ती एकसारखी वाळते आणि रंग सगळीकडे सारखा पसरतो. त्यानंतर दहा-पंधरा दिवस उन्हात वाळवणं. या काळात अवकाळी पाऊस आला तर वर्षभराची मेहनत काळी पडते. वाळलेली हळकुंडं ढोलात घालून फिरवली की वरची साल घासली जाऊन पिवळी चकाकी येते. याला पॉलिश म्हणतात. मग कुठे माल बाजारात जातो.

फेब्रुवारी ते मेच्या दरम्यान इकडून गेलात तर रस्त्याकडेच्या शेतांत हळद शिजवण्याच्या वाफा आणि वाळवणीचे पिवळे पट्टे दिसतील. हिंगोली आणि वसमतच्या बाजारात तेव्हा गाड्यांची रांग असते. घरी नेण्यासाठी पाकिटातल्या पावडरीपेक्षा अख्खी हळकुंडं घ्या आणि आपल्या गावात दळून आणा. भेसळीचा प्रश्नच येत नाही. हंगामात ओली हळद मिळाली तर लोणचं घालता येतं.

आणि इथेच विश्वाचा आवाज ऐकला जाणार आहे

औंढा तालुक्यातल्या दुधाळा परिसरात ‘लायगो-इंडिया’ ही प्रयोगशाळा उभी राहणार आहे. दूर अंतराळात दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळली की अवकाशात अतिसूक्ष्म लहरी उठतात. त्यांना गुरुत्वीय लहरी म्हणतात. त्या मोजण्यासाठी इथे प्रत्येकी ४ किलोमीटर लांबीच्या दोन भुजा काटकोनात बांधल्या जातील. फेब्रुवारी २०१६ मध्ये केंद्र सरकारने प्रकल्पाला तत्त्वतः मान्यता दिली आणि एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या खर्चाला मंजुरी मिळाली.

हे यंत्र इतकं नाजूक असतं की आसपासच्या बारीकसारीक कंपनांचाही त्याला अडथळा होतो. म्हणून शांत जागा हवी असते. २०२४ मध्ये मार्च आणि जुलैत हिंगोली परिसरात ४.५ तीव्रतेचे भूकंपाचे धक्के बसले तेव्हा या प्रकल्पाची चर्चा झाली होती, ती याच कारणाने. सध्या इथे पर्यटकांनी बघावं असं काही तयार नाही, पण औंढ्याच्या रस्त्याने जाताना हे ठाऊक असलेलं बरं.

दोन दिवस कसे वापराल?

हिंगोलीला रेल्वेने येता येतं. पूर्णा-अकोला मार्गावर ‘हिंगोली डेक्कन’ स्टेशन आहे, याच मार्गावर वसमतही आहे. रस्त्याने नांदेड, परभणी आणि वाशिम तिन्हीकडून एसटी मिळते.

पहिला दिवस : सकाळी लवकर औंढा. सहा-सात वाजता गर्दी कमी असते आणि कोवळ्या उन्हात बाहेरचं कोरीवकाम नीट दिसतं. दर्शन झालं की लगेच निघू नका. अर्धा तास काढून मंदिराला बाहेरून एक फेरी मारा. तिथून जिंतूरला नेमगिरी. दुपारचं जेवण वाटेत. संध्याकाळी हिंगोलीला मुक्काम.

दुसरा दिवस : सकाळी नर्सी. परत येऊन शहरात सदर बाजार, तोफखाना, रिसाला, पेन्शनपुरा असा फेरफटका. इथे तिकीट काढून बघायचं स्मारक नाही, जुन्या वस्त्यांतून चालायचं आहे. लोक राहतात त्या गल्ल्या आहेत, फोटो विचारून काढा. एखाद्या वयस्कर माणसाला ‘चाचा, या भागाला पेन्शनपुरा का म्हणतात?’ एवढं विचारा, पुढचा अर्धा तास तुमचा नाही. दुपारी वसमत करून नांदेडकडे निघता येईल.

ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा सगळ्यात चांगला काळ. एप्रिल-मेमध्ये ऊन चाळिशी पार करतं, तेव्हा डोंगरावरची लेणी सकाळीच उरका.

एक मुक्काम एवढा महत्त्वाचा का?

भाविक येतो, दर्शन घेतो आणि निघून जातो, तेव्हा गावाच्या हाती नारळ-फुलांचे पैसे पडतात. तोच माणूस एक रात्र थांबला तर लॉजवाला, खानावळ, रिक्षा, हळद विकणारा शेतकरी अशा अनेकांकडे तो पैसा फिरतो. ज्या जिल्ह्यात मोठे कारखाने कमी आणि शेती बरीचशी पावसावर, तिथे हा फरक लहान नसतो. इपोहला हेच उमगलं होतं. पाहुणा गल्लीत रेंगाळला तरच गल्ली जगते.

दुसरी गोष्ट आठवणीची. छावणीच्या खुणा काळाबरोबर कमी होत जातात. घरं पडतात, नवी बांधली जातात. त्यात काही चूक नाही, लोकांना राहायला चांगली घरं हवीतच. पण मग उरतात ती फक्त नावं. तोफखाना, रिसाला, पेन्शनपुरा. ती का पडली हे सांगणारी माणसं आज गावात आहेत. त्यांना विचारणारं कुणी आलं तर ती गोष्ट पुढच्या पिढीकडे जाईल. नाही आलं तर ती नुसती पत्त्यातली ओळ होईल.

त्यामुळे पुढच्या वेळी औंढ्याला जाल, तेव्हा परतीचं तिकीट एक दिवस पुढचं काढा. हिंगोलीत थांबा, भाकरी खा, बाजारातून किलोभर हळकुंडं घ्या आणि सदर बाजारातून एक चक्कर मारा.